चार अक्षरे, यंत्राशिवाय: अझिडोमिथिल न्यूक्लिओटाइडांच्या प्रकल्प नोंदी

३ जून

डीएनएची अक्षरे वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सिक्वेन्सरच्या, पोटात जे घडते ते साध्या ट्यूबमध्ये, एकेक अक्षर पुढे सरकवत करून पाहायचे, एवढाच हा प्रकल्प. पुण्यातली पदव्युत्तर प्रयोगशाळा, दोन विद्यार्थिनी आणि मी. थर्मोसायक्लर, उभ्या जेलचा संच, निळ्या प्रकाशाचा ट्रान्सइल्युमिनेटर आणि ट्यूब ठेवायचा चुंबकी रॅक आहे. सिक्वेन्सर नाही. नोंदी ठेवतोय त्या हाच प्रयोग करणाऱ्या पुढच्या माणसासाठी. शोधनिबंधांत फसलेली जेल छापत नाहीत, आणि शिकायचे असते ते तिथेच.

न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनएच्या साखळीतली एक कडी, एक अक्षर. सँगर यांच्या १९७७ च्या डीएनए वाचण्याच्या पद्धतीत डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइड बसले की साखळी कायमची थांबते. पुढची कडी जिथे जोडायची तो ३′ टोकाचा हायड्रॉक्सिल गटच त्याला नसतो. आमच्या न्यूक्लिओटाइडांत तो गट आहे, पण त्यावर अझिडोमिथिलचा अडसर घातलेला आहे. टीसीईपी हे फॉस्फिन घातले की अडसर निघतो, हायड्रॉक्सिल मोकळा होतो आणि पुढचे अक्षर बसू शकते. केंब्रिजमध्ये शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या सोलेक्साच्या तंत्राचा गाभा हाच. इल्युमिनाने २००७ मध्ये सोलेक्सा घेतली, आणि २००८ मध्ये 'नेचर'मध्ये या तंत्राचा जो मोठा शोधनिबंध आला त्यातही हाच अडसर आणि हेच टीसीईपी आहे.

यंत्रातल्या न्यूक्लिओटाइडांच्या बेसवर (अक्षर ठरवणाऱ्या भागावर) तुटणाऱ्या दुव्याने रंग लावलेला असतो. आम्ही बिनरंगी मागवली. रंगीत परवडणारी नाहीत, आणि रंग वाचायला आमच्याकडे कॅमेराही नाही. ज्या आखूड डीएनए तुकड्याच्या ३′ टोकाला नवी अक्षरे जोडायची तो प्रायमर. रंगाऐवजी त्याच्या ५′ टोकाला फ्लुओरेसीन हे चमकणारे द्रव्य लावले आहे. जेलमध्ये लांब तुकडा हळू धावतो, म्हणून एक अक्षर वाढले की पट्टा एक घर वर दिसेल.

खर्चाचे आधीच सांगतो: एकूण पैशांतले निम्म्याहून जास्त या चार छोट्या ट्यूबांत गेले. त्यानंतर एंझाइम, मग बीड्स. ऑलिगो, म्हणजे मागणीप्रमाणे बनवून मिळणारे डीएनएचे आखूड तुकडे, सगळ्यांत स्वस्त. तेव्हा काटकसर ऑलिगोत करू नका. आम्ही केली, ते पुढे येईलच.

९ जून

पहिला प्रश्न: कोणते पॉलिमरेज (अक्षरे जोडणारे एंझाइम) हे न्यूक्लिओटाइड घेते? फ्रीजरमध्ये टॅक होते म्हणून टॅकने सुरुवात. अर्धा तास ठेवूनही पट्ट्याचा बहुतेक भाग जागचा हलला नाही. त्याच टॅकने शेजारच्या ट्यूबमध्ये साधे डीएटीपी (बिनअडसराचे ए) झटकन बसवले, म्हणजे टेम्पलेट (ज्याच्यासमोर अक्षरे जुळून बसतात तो डीएनए धागा) आणि बफर ठीक होते. क्लेनॉव या दुसऱ्या पॉलिमरेजचेही (एक्सोन्यूक्लिएज, म्हणजे टोक कुरतडणारा भाग, नसलेले) तेच. कारण समजण्यासारखे आहे: ३′ कार्बनच्या भोवती एंझाइमची खोबण फार अरुंद असते, आणि अडसर नेमका तिथेच येतो.

मग मागवलेले खास एंझाइम काढले. ९°एन पॉलिमरेजचे हे बदललेले रूप. मूळ जीव पूर्व पॅसिफिकमध्ये ९ अंश उत्तर अक्षांशावरच्या समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळ सापडलेला थर्मोकॉकस, म्हणून हे नाव. खोबण रुंद करणारे बदल आहेत, आणि चुका कुरतडून काढणारा एक्सोन्यूक्लिएजचा भाग निकामी केलेला आहे. तो चालू असता तर अडसर लागलेले टोकच खाल्ले गेले असते. ६० अंशांवर दहा मिनिटांत जवळजवळ सगळा पट्टा एक घर वर.

क्लेनॉव हे न्यूक्लिओटाइड घेत नाही ही गोष्ट तेव्हा वहीत एका ओळीत लिहून आम्ही पुढे गेलो. महिन्याभराने तीच उपयोगी पडली.

जेलबद्दल एक सूचना. २० टक्के अ‍ॅक्रिलामाइड, युरिया घातलेले. यात झायलिन सायनॉल साधारण २८ अक्षरांच्या तुकड्याबरोबर धावते आणि ब्रोमोफिनॉल ब्लू ८ अक्षरांच्या. नमुन्यात झायलिन सायनॉल मिसळले तर त्याची सावली प्रायमरच्या पट्ट्याच्या आसपास पडते. रंग कडेच्या वेगळ्या खाचेत घाला, नमुन्यांत फक्त फॉर्मामाइड आणि ईडीटीए.

१४ जून

टेम्पलेटला बायोटिन, ते बायोटिन घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या चुंबकी बीड्सवर (बारीक मण्यांवर) अडकवायचे, प्रायमर त्यावर जोडी करून बसलेला. प्रत्येक पायरीनंतर चुंबकावर ट्यूब लावून धुवायचे. कागदावर हे सरळ दिसते. पण पहिल्या फेरीनंतर पट्टा फिका, दुसरीनंतर दिसेनासा.

बीड्स वाहून जात असतील असे वाटले. धुतलेले पाणी जपून ठेवले होते, तेच जेलवर लावले, आणि प्रायमर सगळा त्या पाण्यात सापडला. आमचा प्रायमर वीस अक्षरांचा. ६० अंशांच्या अभिक्रियेनंतर गरम बीड्सवर कमी क्षाराचा बफर ओतला की तो टेम्पलेट सोडून देतो. काटकसर केली ती इथे. तीस अक्षरांचा, जी-सी जास्त असलेला प्रायमर नव्याने मागवला. धुण्याच्या बफरमध्ये १ मोलर सोडियम क्लोराइड आणि ०.०५ टक्के ट्वीन (साबणासारखे द्रव्य) घातले, आणि ट्यूब खोलीच्या तापमानाला आल्यावरच धुवायचे ठरवले. ट्वीनमुळे बीड्स ट्यूबच्या भिंतीला चिकटणेही थांबले.

नवा ऑलिगो यायला लागलेला वेळ पूर्ण वाया. धुतलेले पाणी फेकू नका, शेवटपर्यंत ठेवा. त्याची किंमत शून्य असते आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

२१ जून

टीसीईपीची पायरी. हायड्रोक्लोराइडची पावडर पाण्यात विरघळवली की द्रावण भलतेच आम्ल होते, पीएच अडीचच्या आसपास. ते तसेच घालून ६५ अंशांवर ठेवले तर डीएनएमधले प्यूरिन बेस (ए आणि जी) गळायला लागतात. आमच्या जेलवर स्वच्छ पट्ट्याऐवजी खालपर्यंत धूसर शेपूट आले, ते त्यामुळेच. आम्ही एकदा पीएचपट्टी न लावता पुढे गेलो होतो.

आता पद्धत अशी: सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९ वर आणायचे, ट्रिसमध्ये १०० मिलिमोलर करायचे, लहान ट्यूबांत भरून उणे २० वर. फॉस्फेट बफर नको, उदासीन पीएचच्या फॉस्फेटमध्ये टीसीईपी टिकत नाही. ६५ अंशांवर पंधरा मिनिटे.

टीसीईपीच्या आधी उरलेले न्यूक्लिओटाइड नीट धुवून काढा. अडसर तुटताना फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. डीएनएच्या टोकावरून सुटणारे नगण्य असते, पण ट्यूबमध्ये उरलेल्या शेकडो पट न्यूक्लिओटाइडांमधून सुटणारे तसे नसते, आणि फॉर्माल्डिहाइड बेसशी अभिक्रिया करते.

२७ जून

पहिल्या दोन फेऱ्या सलग लावल्या. या टेम्पलेटवर बसायची अक्षरे क्रमाने ए, सी, टी, जी. पहिल्या फेरीत अडसराचे ए: पट्टा एक घर वर. टीसीईपी. दुसऱ्या फेरीत अडसराचे सी: पट्टा दोन घरे वर. प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला.

मग एका विद्यार्थिनीने शेजारच्या पट्टीकडे बोट दाखवले. त्या ट्यूबमध्ये टीसीईपी मुद्दाम घातलेच नव्हते. अडसर जागेवर असेल तर तिथे दुसरे अक्षर बसताच कामा नये. पण साधारण एक तृतीयांश प्रायमर दोन घरे वर गेलेला होता.

हा बिनटीसीईपीचा कंट्रोल लावला नसता तर आम्ही चारही फेऱ्या करून 'जमले' असे लिहून मोकळे झालो असतो. एका वेळी एकच न्यूक्लिओटाइड घातले, आणि टेम्पलेटवर तेच अक्षर लगेच पुन्हा येत नसेल, तर अडसराचे ए आणि साधे ए जेलवर हुबेहूब सारखे दिसतात. दोन्ही एक घर चढतात आणि थांबतात. पहिले अडसरामुळे, दुसरे पुढे घालायला काही नाही म्हणून. ९ जूनच्या जेलने अडसर काम करतो हे सिद्ध केलेच नव्हते. एंझाइम काहीतरी ए बसवते एवढेच त्याने दाखवले होते.

१ जुलै

पहिला संशय डीटीटी या क्षपण करणाऱ्या द्रव्यावर. टीसीईपीइतके जोरकस नसले तरी डीटीटी अझाइडला हळूहळू क्षपित करते, आणि बहुतेक एंझाइमे डीटीटी असलेल्या द्रावणातच येतात. आमच्याही एंझाइमच्या साठवणीच्या बफरमध्ये ते आहे.

तपासणी अशी केली. एक अक्षर बसवले, न्यूक्लिओटाइड धुवून टाकले, आणि बीड्स अभिक्रियेत येते तेवढ्याच डीटीटीमध्ये वेगवेगळा वेळ ठेवले. मग पुन्हा धुवून सी घातले. वेळ वाढवला तरी पुढे जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. पाच मिनिटांना जेवढे, तासालाही तेवढेच. डीटीटी निर्दोष सुटले. (म्हणजे या प्रमाणात सुटले. मोठ्या प्रमाणात ते घातकच आहे, १५ जुलैची नोंद पाहा.)

दुसरा संशय पिपेटवर, टीसीईपी चुकून इकडे आले असेल म्हणून. नव्या टिप्स, नवा बफर, खोलीही दुसरी. निकाल तोच.

८ जुलै

नवे टेम्पलेट: प्रायमरच्या पुढे सलग चार टी. टीसमोर ए बसते, म्हणजे चार ए बसायला हवेत. अडसर खरा असेल तर कितीही वेळ ठेवा, पट्टा एकाच घरावर थांबेल. अडसराशिवायचे ए मिसळलेले असेल तर पायऱ्या दिसतील.

पायऱ्या दिसल्या: एक, दोन, तीन, आणि फिकट चौथी.

वेळेप्रमाणे नमुने काढले होते, आणि खरा उलगडा त्यांनीच केला. अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यातच दोन आणि तीनच्या पायऱ्या हजर. त्यानंतर त्या वाढल्या नाहीत. वाढत गेला तो एकच्या घरावरचा पट्टा. अडसर अभिक्रियेदरम्यान तुटत असता तर पायऱ्या वेळेबरोबर वाढल्या असत्या. इथे उलट होते: काहीतरी सुरुवातीलाच झपाट्याने बसून संपत होते. म्हणजे न्यूक्लिओटाइडच्या ट्यूबमध्येच थोडे साधे डीएटीपी होते, आणि एंझाइम ते आधी उचलत होते.

हिशेब मांडल्यावर आश्चर्य उरले नाही. २० मायक्रोलिटर अभिक्रियेत ५० मायक्रोमोलर न्यूक्लिओटाइड म्हणजे १००० पिकोमोल. प्रायमर २ पिकोमोल. ट्यूबमध्ये हजारात एक, म्हणजे ०.१ टक्का साधे डीएटीपी असेल तर ते १ पिकोमोल झाले. एंझाइमला साधे न्यूक्लिओटाइड फार जास्त रुचते, त्यामुळे तो एक पिकोमोल जवळजवळ सगळा प्रायमरवरच खर्च होणार आणि निम्मी टोके बिनअडसराची राहणार. शुद्धतेच्या कागदावर ९८ टक्क्यांहून जास्त लिहिले आहे, आणि ते खरेच असेल. पण ९८ टक्के शुद्ध म्हणजे या कामाला अशुद्ध.

हे साधे डीएटीपी कुठून आले? रासायनिक संश्लेषणात थोडे बिनअडसराचे न्यूक्लिओसाइड (फॉस्फेट अजून न जोडलेले रूप) राहून पुढे तेही ट्रायफॉस्फेट, म्हणजे एंझाइमला वापरता येणारे रूप, होऊ शकते, आणि साठवणीत थोडे अडसर गळूही शकतात. आमचे पार्सल कस्टममध्ये अडकले होते आणि हातात आले तेव्हा डब्यात ड्राय आइस उरलेला नव्हता. दोष कशाचा ते या जेलवरून ठरत नाही आणि दुरुस्ती दोन्हीकडे एकच आहे, म्हणून तो शोध इथेच थांबवला.

न्यूक्लिओटाइडचे प्रमाण दसपट कमी करूनही पाहिले. पायऱ्या फिक्या झाल्या, पण अडसराचे अक्षर पूर्ण बसेना. मँगनीज घातले की बसते, पण मग चुकीची अक्षरेही बसू लागतात. हा रस्ता सोडला.

१५ जुलै

उपाय जुना आहे. मायकेल मेट्झकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच ३′ बदललेल्या न्यूक्लिओटाइडांमधले उरलेसुरले नैसर्गिक न्यूक्लिओटाइड एंझाइमनेच टिपून काढायची पद्धत दिली होती. तत्त्व सुंदर आहे: साधे न्यूक्लिओटाइड घेणारे पण अडसराचे न घेणारे पॉलिमरेज आणि टाकाऊ डीएनए यांच्याबरोबर सगळा साठा ठेवायचा. एंझाइम साधे तेवढे डीएनएत बसवून टाकते, बाहेर उरते ते अडसराचे. आमच्याकडे असे एंझाइम होते, क्लेनॉव. ९ जूनला ज्याच्यापुढे फुली मारली तेच.

डीएनए किती लागेल ते आधी मोजा. साठा १ मिलिमोलर, १०० मायक्रोलिटर, म्हणजे १ लाख पिकोमोल. अर्धा टक्का साधे धरले तरी ५०० पिकोमोल. आम्ही वीस टी असलेले टेम्पलेट आणि प्रायमर १०० पिकोमोल घातले, म्हणजे २००० जागा. चौपट जागा मुद्दाम ठेवल्या, कारण एवढ्या दाट द्रावणात क्लेनॉवही अधूनमधून अडसराचे एखादे बसवते, आणि ते टोक मग कामातून जाते.

क्लेनॉवबरोबर जो बफर येतो त्यात डीटीटी १ मिलिमोलर असते. तो वापरून अडसराचा साठा तासभर ३७ अंशांवर ठेवणे म्हणजे ज्याला वाचवायचे त्यालाच तोडणे. डीटीटीशिवायचा बफर घरी बनवला: ट्रिस, सोडियम क्लोराइड, मॅग्नेशियम. एंझाइमबरोबर येणारे डीटीटी त्यात इतके विरळ होते की १ जुलैच्या तपासणीनुसार चालून जाते. पहिला प्रयोग सगळ्या साठ्यावर करू नका. आम्ही दहावा भाग घेतला.

२२ जुलै

टिपून झाल्यावर डीएनए आणि एंझाइम वेगळे काढायचे. उकळून एंझाइम मारण्याचा मोह होतो, पण न्यूक्लिओटाइडांना ती उष्णता नको. १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमधून गाळले. ट्रायफॉस्फेट जेमतेम अर्ध्या किलोडाल्टनचे, ते खाली उतरते. डीएनए आणि क्लेनॉव वर राहतात. फिल्टरच्या पडद्यावर ग्लिसरीन असते, आधी पाण्याने धुवून घ्या.

किती हाती आले ते २६० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून मोजले, ए साठी १५,४०० हा गुणांक धरून. जवळपास पाचवा हिस्सा गेला. एवढ्या महागड्या द्रव्याचा पाचवा हिस्सा जाताना पाहवत नाही, पण उरलेले आता वापरण्याजोगे आहे.

चार टींच्या टेम्पलेटवर तपासले. अर्धे मिनिट, दोन मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास: पट्टा एकाच घरावर. दुसरी पायरी अगदी डोळे ताणून पाहिली तरच दिसते. बिनटीसीईपीचा कंट्रोलही जागच्या जागी. या प्रकल्पातले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे जेल हेच, कारण अडसर खरोखर अडवतो हे प्रथमच दिसले.

सी आणि टी तसेच स्वच्छ केले. जी राहिले.

२९ जुलै

चार टींच्या टेम्पलेटवर चार फेऱ्या, एकेक ए. ज्या टेम्पलेटने फसवणूक उघडी पाडली त्याच्यावरच करायचे ठरवले.

दुसऱ्या फेरीत काही टोके पुन्हा दोन घरे पुढे. साठा स्वच्छ असताना असे का? या वेळी खरेच टीसीईपी मागे राहत होते. बीड्सच्या मधल्या ओलाव्यात उरलेले टीसीईपी पुढच्या फेरीच्या न्यूक्लिओटाइडांचे अडसर काढत होते. धुणे वाढवले तेवढ्याने भागले नाही. शेवटच्या धुण्यात बीड्स नव्या ट्यूबमध्ये हलवल्यावर थांबले, कारण झाकणाखालचे थेंब तसेच राहत होते.

मग उलटा प्रश्न: काही टोके एक घर मागे. न्यूक्लिओटाइड दुसऱ्यांदा ताजे घातले, फरक नाही. टीसीईपी दुसऱ्यांदा ताजे घातले, मागे राहिलेले कमी झाले. म्हणजे उणीव अडसर काढण्यात होती. आता प्रत्येक फेरीत टीसीईपी दोनदा, ताज्या द्रावणाने.

चौथ्या फेरीअखेर सुमारे ८० टक्के प्रायमर बरोबर चार घरे वर. ०.९५ चा चौथा घात ०.८१, म्हणजे दर फेरीला साधारण ९५ टक्के यश. आमच्या कामाला पुरेसे. पण याच हिशेबाने वीस फेऱ्यांनंतर ३६ टक्केच ताळ्यावर राहतील. दर फेरीला ९९ टक्के साधले तरी शंभर फेऱ्यांनंतर ३७ टक्के. शंभराहून जास्त अक्षरे वाचणाऱ्या यंत्रांमागे एंझाइमवर, न्यूक्लिओटाइडच्या शुद्धीकरणावर आणि धुण्यावर किती माणसांनी किती वर्षे घालवली असतील, ते ही चार अक्षरे वाढवल्यावर मला पहिल्यांदा नीट कळले. विद्यार्थिनींना मी हेच आकडे फळ्यावर मांडून दाखवले.

५ ऑगस्ट

जीची अडचण. टिपून काढायला सलग वीस सी असलेले टेम्पलेट घेतले, तर प्रायमरपुढे जींची लांब रांग तयार होते आणि असे तुकडे आपसात गुंतण्याचा धोका असतो. सहा सी असलेले आखूड टेम्पलेट घेतले आणि डीएनए त्याच प्रमाणात वाढवले. साठा बराचसा साफ झाला, पण एच्या तोडीचा नाही. दुसरी पायरी अजून फिकट दिसते. पुन्हा एकदा टिपायचे आहे, म्हणजे आणखी पाचवा हिस्सा जाणार.

तोवर एका सहकाऱ्याने आम्हाला न सांगता ठरवलेले टेम्पलेट दिले. दर अक्षराला बीड्सचे चार वाटे, प्रत्येकात एक न्यूक्लिओटाइड, वेळ दोनच मिनिटे; जास्त ठेवले तर चुकीचेही हळूहळू बसते. ज्या वाट्यातला पट्टा हलला ते अक्षर. बाकीचे बीड्स त्याच अक्षराने पुढे नेऊन टीसीईपी, आणि पुन्हा चार वाटे.

आम्ही वाचले: सी, ए, ए, टी. बरोबर निघाले. सलग दोन ए दोन वेगळ्या फेऱ्यांत सुटे वाचता आले. अडसर नसता तर दोन्ही एकाच झटक्यात बसले असते आणि एक होते की दोन ते पट्ट्याच्या उंचीवरून ताडावे लागले असते. पाचवे अक्षर जी असावे असे जेल म्हणते, पण साठ्याची ही अवस्था असताना ते वहीत पेन्सिलीने लिहिले आहे. जी दुसऱ्यांदा टिपून झाल्यावर हेच टेम्पलेट पुन्हा पहिल्यापासून लावणार, बिनटीसीईपीच्या कंट्रोलसह.